वीस आकडी वीज: दक्षिण आफ्रिकेतला कीपॅडवाला प्रीपेड मीटर घरात कसा चालतो

जोहान्सबर्ग, प्रिटोरिया किंवा डर्बनला भाड्यानं घर घेतलं की घरमालक किल्ल्यांबरोबर आणखी एक गोष्ट देतो: विजेच्या मीटरचा नंबर, बहुतेक वेळा अकरा आकडी. तो त्याच क्षणी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवावा. प्रीपेड मीटरच्या घरी बिल येत नाही. वीज आधी विकत घ्यायची आणि मग वापरायची, आणि हा नंबर सांगितल्याशिवाय ती विकत मिळत नाही.

महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त इथे येणाऱ्या कुटुंबांचे पहिल्या महिन्यातले प्रश्न जवळपास सारखेच असतात. पैसे कापले गेले, मग मीटरमध्ये युनिट का वाढले नाहीत? एक तारखेला तेवढ्याच पैशांत जास्त युनिट मिळाले होते, आज कमी कसे? मीटर बदलला तर आधीच्या शिलकीचं काय? उत्तरं वेगवेगळी वाटली तरी मूळ एकच आहे. घरोघरी दिसणाऱ्या या साध्या कीपॅड मीटरला बाहेरच्या जगाशी बोलता येत नाही. त्यात सिम नाही, इंटरनेट नाही, वीज कंपनीकडे निरोप नेणारी कुठली तार नाही. तुम्ही पैसे भरलेत हे त्याला कुणी कळवत नाही. ते तुम्हालाच कळवावं लागतं.

मोबाइलचा रिचार्ज केला की रक्कम कंपनीच्या सर्व्हरवर जमा होते आणि आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही. इथे तसं नाही. बँकेच्या ॲपवर, सुपरमार्केटच्या काउंटरवर, पेट्रोल पंपावर किंवा वस्तीतल्या स्पाझात, म्हणजे घराच्याच एका खोलीत थाटलेल्या छोट्या किराणा दुकानात, मीटर नंबर सांगून पैसे दिले की एक पावती मिळते. पावतीवर चार-चारच्या पाच गटांत छापलेले वीस आकडे असतात. त्याला टोकन म्हणतात. घरी येऊन कीपॅडवर ते आकडे दाबायचे. बहुतेक मीटरमध्ये विसावा आकडा दाबताच किंवा त्यानंतर एंटरचं बटण दाबल्यावर मीटर क्षणभर थांबतो, मग टोकन स्वीकारल्याची खूण येते आणि शिल्लक युनिट वाढलेले दिसतात. टोकन स्वीकारलं नाही तर नाकारल्याचा संदेश येतो. तेव्हा घाबरून दुकानाकडे धावू नये. आधी पावतीवरचा मीटर नंबर आपलाच आहे ना ते बघावं, मग चार-चार आकडे मोठ्यानं वाचून दुसऱ्याला दाबायला सांगावं. टोकन नाकारलं गेलं म्हणून ते वाया जात नाही, बरोबर दाबलं की चालतं. मात्र लागोपाठ चुका झाल्या तर बरेच मीटर काही वेळ कीपॅडच बंद ठेवतात, तेव्हा थोडं थांबावं लागतं.

अनेक घरांत मीटरचे दोन भाग असतात. खरा मोजणारा भाग बाहेर खांबावर किंवा रस्त्याकडेच्या पेटीत असतो आणि घरात फक्त कीपॅड व डिस्प्ले. काही कीपॅड घरातल्याच सॉकेटमध्ये लावायचे असतात आणि ते विजेच्या तारेतूनच बाहेरच्या मीटरशी बोलतात. डिस्प्ले कोरा दिसला तर आधी तो सॉकेट आणि कीपॅडमध्ये सेल असतील तर ते तपासावेत.

आता मुख्य प्रश्न. ज्या मीटरला कुणी काही कळवलेलं नाही, तो नुसत्या वीस आकड्यांवर विश्वास कसा ठेवतो? कुणीही मनानं वीस आकडे दाबून फुकट वीज का घेऊ शकत नाही?

टोकन म्हणजे फक्त एका मीटरला उघडता येईल असं मोहोरबंद पाकीट. कारखान्यात मीटर तयार होतानाच त्यात एक गुप्त किल्ली भरलेली असते, आणि ती प्रत्येक मीटरची वेगळी असते. वीज विकणाऱ्या यंत्रणेकडे एक मूळ किल्ली सुरक्षित ठेवलेली असते. मूळ किल्ली, तुमचा मीटर नंबर आणि तुमच्या भागाचा पुरवठा-गट क्रमांक यांवरून ती यंत्रणा तुमच्या मीटरची किल्ली त्या क्षणी गणितानं काढते आणि त्या किल्लीनं मजकूर कुलूपबंद करते. मीटर आपल्याकडच्या किल्लीनं तो उघडतो. दोघांची भेट कधीच होत नाही, तरी दोघांकडे एकच किल्ली असते. यासाठीच दुकानदार मीटर नंबर मागतो. शेजाऱ्याच्या नंबरावर घेतलेलं टोकन तुमच्या मीटरला कळत नाही.

आतल्या मजकुराला अवघी ६४ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ६४ खुणांची, जागा आहे आणि ती फार विचारपूर्वक वापरलेली आहे. पहिले ४ बिट सांगतात की हे विजेचं टोकन आहे, पाण्याचं की गॅसचं. पुढचे ४ नुसतेच यादृच्छिक, एकसारख्या खरेदीची टोकनं एकसारखी निघू नयेत म्हणून. त्यानंतरचे २४ बिट ही टोकन तयार झाल्याची वेळ, मिनिटांत. १६ बिटांत युनिट, तेही युनिटच्या दहाव्या भागापर्यंत अचूक. शेवटचे १६ बिट हे पडताळणीचे: आधीच्या सगळ्या मजकुरावर हिशेब करून आलेला एक आकडा. एक अंक जरी चुकीचा दाबला तरी उघडलेला मजकूर पूर्णपणे विस्कटतो, पडताळणी जुळत नाही आणि मीटर टोकन नाकारतो. टोकनचा वर्ग सांगणारे आणखी २ बिट त्यात मिसळले की एकूण ६६ बिट होतात, आणि ६६ बिटांची कोणतीही संख्या वीस दशमान अंकांत बसते. वीस आकडे का, याचं उत्तर हे आहे.

त्या २४ बिटांच्या वेळेनं आणखी एक काम होतं. आपण वापरलेल्या टोकनांच्या वेळा मीटर लक्षात ठेवतो, किमान शेवटच्या ५० तरी. तेच टोकन पुन्हा दाबलं की आधीच वापरलेलं म्हणून नाकारतो. त्याच्या आठवणीतल्या सगळ्यात जुन्या वेळेपेक्षाही जुनं टोकन आलं तर ते कालबाह्य म्हणून नाकारतो. म्हणून टोकन घेऊन ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं साठवू नये. दोनचार टोकनं पुढेमागे दाबली गेली तर बिघडत नाही, पण घेतलं की दाबून टाकणं उत्तम. समाजमाध्यमांवर "हा कोड दाबा, फुकट युनिट मिळवा" असे संदेश फिरतात. ते का चालू शकत नाहीत हे वरच्या रचनेवरून उघड आहे. प्रत्येक टोकन एका मीटरसाठी एकदाच बनतं, सगळ्यांना चालणारा युनिटचा कोड असूच शकत नाही. आणि कुणी खरं भासणारं टोकन स्वस्तात विकत असेल तर ते चोरलेल्या विक्रीयंत्रावर बनवलेलं असू शकतं. ते घेणारा ग्राहकही वीजचोरीत अडकतो.

२४ बिटांत १,६७,७७,२१६ मिनिटं मावतात, म्हणजे जवळजवळ ३२ वर्षं. मोजणी १ जानेवारी १९९३ पासून सुरू झाली होती, तेव्हा ती २४ नोव्हेंबर २०२४ ला संपणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच होतं. त्या तारखेनंतर मिनिटं पुन्हा शून्यावर आली असती आणि प्रत्येक नवं टोकन मीटरला जुनंच वाटलं असतं. मीटर एकटे असल्यामुळे दूरवरून दुरुस्तीही शक्य नव्हती. मग दक्षिण आफ्रिकेसह अनेक देशांत ग्राहकांच्या हातूनच काम करून घेतलं गेलं. वीज घ्यायला गेल्यावर एकाऐवजी तीन टोकनं मिळायची. पहिली दोन मीटरची किल्ली बदलायची, तिसरं खरेदीचं, आणि ती क्रमानंच दाबायची. किल्ली बदलण्याआधी हातातली जुनी टोकनं वापरून टाकणं गरजेचं होतं, कारण नव्या किल्लीनं ती उघडत नाहीत. जे या मुदतीत राहून गेले त्यांचा मीटर नवी टोकनं घेईनासा झाला. अजूनही एखाद्या बंद घरात असा मीटर सापडू शकतो, म्हणून रिकामं घर भाड्यानं घेताना घरमालकासमोर अगदी थोडी वीज विकत घेऊन टोकन चालतं का ते बघावं. पावतीवर किल्लीची आवृत्ती छापलेली असते, ती २ असायला हवी. नवी मोजणी २०१४ पासून धरली आहे, म्हणजे हाच प्रश्न २०४५ च्या नोव्हेंबरात पुन्हा येणार.

मीटर बिघडून नवा बसवला तर जुन्यासाठी घेतलेलं आणि न दाबलेलं टोकन त्यात चालत नाही. जुन्यात शिल्लक राहिलेले युनिटही आपोआप नव्यात येत नाहीत. जुना मीटर काढण्याआधी डिस्प्लेचा फोटो काढावा आणि शेवटच्या पावत्या जपाव्यात. भरपाईचं टोकन मागायला तोच पुरावा आहे.

पैशांचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे आणि खरं नुकसान तिथेच होतं. मीटरला दर माहीत नसतो. त्याच्यात रँड, म्हणजे इथलं चलन, नाही, फक्त युनिट आहेत. किती रँडला किती युनिट हे विक्रीच्या वेळी, विकणाऱ्याच्या संगणकावर ठरतं. अनेक नगरपालिकांत टप्प्याटप्प्यानं चढणारा दर आहे: महिन्यातले पहिले काही युनिट स्वस्त, पुढचे महाग. आपल्याकडे महावितरणच्या बिलातही असे टप्पे असतात, पण ते वापरलेल्या युनिटवर लागतात. इथे ते विकत घेतलेल्या युनिटवर लागतात आणि दर महिन्याच्या एक तारखेला नव्यानं सुरू होतात. समजा तुम्ही २८ तारखेला, पुढच्या महिन्याची सोय म्हणून, मोठी खरेदी केली. ते सगळे युनिट या महिन्याच्या महाग टप्प्यात पडतात आणि पुढच्या महिन्याचा स्वस्त टप्पा तसाच राहून जातो. महिनाअखेरीला एक तारखेपर्यंत पुरेल एवढीच वीज घ्यावी. घरखर्चात इतका सरळ फरक पाडणारी दुसरी गोष्ट या विषयात नाही, आणि पावतीवर ती कुठेही लिहिलेली नसते.

पावतीवर जे लिहिलेलं असतं तेही वाचावं. दिलेल्या रकमेतून आधी १५ टक्के व्हॅट जातो. काही ठिकाणी स्थिर आकार जातो. जोहान्सबर्गच्या सिटी पॉवर या वीज कंपनीनं जुलै २०२४ पासून प्रीपेड ग्राहकांवर व्हॅट सोडून महिना २०० रँडचा असा आकार लावला, तेव्हा महिन्याची पहिली खरेदी केल्यावर हाती आलेले युनिट पाहून लोक हादरले होते. काही नगरपालिका घराच्या जुन्या थकबाकीचा हिस्साही प्रत्येक खरेदीतून कापून घेतात. भाडेकरूनं हे करार करण्याआधी विचारायलाच हवं, नाहीतर कुणाची तरी थकबाकी आपण फेडत राहतो. मोठ्या संकुलांत मीटर नगरपालिकेचा नसून खासगी सब-मीटर कंपनीचा असतो आणि तिचं विक्रीशुल्क वेगळं लागतं. गरीब कुटुंबांसाठी २००३ च्या धोरणानुसार महिन्याला साधारण ५० युनिट मोफत आहेत. तेही टोकन म्हणूनच मिळतात, दर महिन्याला मागून घ्यावे लागतात आणि राहिलेला महिना बुडतो.

मग हे युनिट जातात कुठे? इथल्या घरांत सर्वांत मोठा ग्राहक गीझर असतो. १५० लिटरची टाकी आणि ३ किलोवॅटचं हीटर ही नेहमीची जोडी. तेवढं पाणी ४० अंशांनी तापवायला जवळपास ७ युनिट लागतात आणि हीटर दोन तास वीसेक मिनिटं चालतो. मुंबईत आपण आंघोळीआधी १० मिनिटं छोटा गीझर लावतो. इथला गीझर छतावरच्या पोकळीत दिवसरात्र चालू असतो आणि पाणी कुणी वापरलं नाही तरी गळणारी उष्णता भरून काढत राहतो. टायमर लावणं, तापमान थोडं उतरवणं, टाकीवर जाड आवरण चढवणं याचा परिणाम दिवे बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

स्वतः मोजून बघायचं असेल तर मीटरवरचा लुकलुकणारा छोटा दिवा पुरेसा आहे. शेजारी प्रति युनिट किती लुकलुकी ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ १०००. बोर्डातले बाकी सगळे स्विच बंद करून फक्त २ किलोवॅटची किटली लावली तर हा दिवा मिनिटाला साधारण ३३ वेळा लुकलुकायला हवा. सगळं बंद असतानाही तो लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज जाते आहे: विसरलेला गीझर, पोहण्याच्या तलावाचा पंप किंवा शेजारच्या खोलीत ओढलेली तार.

शिल्लक असूनही वीज गेली तर दोन कारणं पाहावीत. लोडशेडिंग असेल तर प्रश्न नाही, वीज आल्यावर शिल्लक जशीच्या तशी असते. दुसरं कारण भार. एस्कॉम या इथल्या सरकारी वीज कंपनीची कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची एक जोडणी २० अँपिअरची आहे. २३० व्होल्टवर ती ४.६ किलोवॅटला पोचते. ३ किलोवॅटचा गीझर चालू असताना २ किलोवॅटची किटली लावली की मीटर पुरवठा तोडतो. एक उपकरण बंद करून मीटर पुन्हा चालू करायचा.

एवढी सगळी रचना इथेच का जन्माला आली? १९८० च्या दशकात जोहान्सबर्गजवळचं सोवेटो आणि इतर कृष्णवर्णीय वस्त्यांनी वर्णभेदी स्थानिक सत्तेविरुद्ध भाडं आणि सेवाशुल्क न भरण्याचा बहिष्कार पुकारला होता. १९९० नंतर लाखो नव्या घरांना वीज देण्याचा कार्यक्रम आला. १९९४ नंतरच्या सरकारचं उद्दिष्ट २००० सालापर्यंत २५ लाख जोडण्यांचं होतं. यांतल्या अनेक वस्त्यांत घरांना रीतसर पत्ते नव्हते, टपाल पोचत नव्हतं, लोकांकडे बँकखाती नव्हती. बिल पाठवायचं कुठे आणि वसूल करायचं कसं, यावर प्रीपेड मीटर हे उत्तर ठरलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे मीटर एकमेकांच्या विक्रीयंत्रांशी जुळेनात, म्हणून एस्कॉमच्या पुढाकारानं एकच सार्वत्रिक पद्धत आखली गेली, स्टँडर्ड ट्रान्सफर स्पेसिफिकेशन किंवा थोडक्यात एसटीएस. १९९७ मध्ये तिच्यासाठी एसटीएस असोसिएशन ही संस्था उभी राहिली आणि पुढे ती पद्धत आयईसी ६२०५५-४१ या नावानं आंतरराष्ट्रीय मानक झाली. आज आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या अनेक देशांत हेच वीस आकडे दाबले जातात.

सोय खरी आहे. थकबाकी साठत नाही, चुकीचं रीडिंग नाही, वीज तोडल्यावर पुन्हा जोडायचे पैसे नाहीत. पण एक गोष्ट मला फार टोचते. बिल थकलं तर कंपनीला नोटीस द्यावी लागते, माणूस पाठवावा लागतो, तोडलेल्या जोडण्यांची नोंद राहते. प्रीपेड मीटर पैसे संपताच स्वतःच पुरवठा तोडतो. ना नोटीस, ना नोंद. ज्या घरात महिनाअखेरीला तीन दिवस अंधार असतो ते घर कुठल्याच यादीत दिसत नाही.

याच मुद्द्यावर, पण पाण्याच्या प्रीपेड मीटरबाबत, सोवेटोमधल्या फिरी भागातले पाच रहिवासी कोर्टात गेले. लिंडिवे माझिबुको या पहिल्या अर्जदार. महिन्याला ६ हजार लिटर मोफत पाणी संपलं की मीटर नळ बंद करत असे. २००८ मध्ये उच्च न्यायालयानं असे मीटर बेकायदा ठरवले. ८ ऑक्टोबर २००९ ला घटनात्मक न्यायालयानं तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती केट ओ'रेगन यांनी लिहिलं की मीटरमुळे पुरवठा कायमचा तोडला जात नाही. ग्राहकानं पैसे भरेपर्यंत किंवा नवा महिना सुरू होईपर्यंत तो फक्त थांबवला जातो. कायद्याच्या चौकटीत हे बसत असेल. लहान मुलं असलेल्या घरात थांबलेलं पाणी आणि तोडलेलं पाणी यांत काय फरक असतो, हे मला आजही समजत नाही.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला मोठा विरोध झाला आणि सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारनं जाहीर केलं. ते मीटर वेगळे आहेत. त्यांना संपर्कयंत्रणा असते, शिल्लक कंपनीच्या संगणकावर राहते, टोकन दाबावं लागत नाही आणि दर दूरवरून बदलता येतो. त्यामुळे शिल्लक संपत आल्याचा इशारा देणं, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी पुरवठा न तोडणं आणि किती घरांची वीज किती तास गेली याची नोंद ठेवणं त्यांना सहज शक्य आहे. इथल्या एकट्या मीटरला यातलं फारसं जमत नाही, त्यांना जमतं. म्हणून भारतात ज्यांच्या घरी किंवा सोसायटीत असा मीटर येतो आहे त्यांनी या तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. चौथी गोष्ट कायद्यातच आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४७(५) नुसार प्रीपेमेंट मीटरवर वीज घ्यायला तयार असलेल्या ग्राहकाकडे वितरण कंपनीला वीजबिलापोटीची सुरक्षा अनामत मागता येत नाही. जुन्या जोडणीसाठी भरलेली अनामत कंपनीकडे पडून असेल तर तिचं काय होणार, हेही त्याच अर्जात विचारून पोच घ्यावी.